नारोबाची नवी डबी

डोंगरमाथ्यावरच्या एका थंड गावात नारोबा नावाचा एक भोळा गृहस्थ राहत असे. सांगितलेला शब्द तो कधी खाली पडू देत नसे. मात्र नेऊन ठेवी भलत्याच जागी.

त्याची लेक त्या संध्याकाळी तान्हे बाळ घेऊन माहेरी यायची होती. बाळंतिणीची खोली उबदार हवी, म्हणून भिंतीवर हीटर बसवला होता. शेजारच्या खिळ्याला त्याचा सेन्सर, म्हणजे काडेपेटीएवढी एक डबी, टांगली होती. खोली गारठली की डबी हीटर सुरू करी. तापली की बंद करी. नेमका त्याच सकाळी हीटर सुरू होईना.

नारोबाच्या पत्नीने, सरूबाईने, वायरमन हुसेनभाईंना बोलावले. त्यांनी पाहिले. नारोबाने बाळाच्या स्वागताची समई बरोबर डबीखाली लावली होती.

"समईच्या उबेने डबी फसते. खोलीच तापली, असं तिला वाटतं. तिला गरम लागू देऊ नका."

नारोबाने समई हलवली. शिवाय खबरदारी म्हणून डबीवर ओला पंचा गुंडाळला. दुपारपर्यंत खोलीची भट्टी झाली आणि डिंकाचे लाडू पाघळले. हुसेनभाई पुन्हा आले.

"अहो, पंचा कशाला?"

"तुम्हीच म्हणालात, गरम लागू देऊ नका."

"डबीच्या अंगावर चिंधीसुद्धा नको. तिला मोकळी हवा लागू द्या." हुसेनभाईंनी डबी उघडली. पाणी ठिबकले. "हिच्यात पाणी शिरलं. संपली ही. नवी उद्या आणतो."

"मग आज हीटर लावायचा केव्हा?"

"बाळाकडं बघा. त्याला गार वाटलं तर लावा, गरम वाटलं तर बंद करा. आज बाळच तुमची डबी समजा."

नारोबाने मान डोलावली.

संध्याकाळी भाकरतुकडा ओवाळून लेक घरात आली. बाळ आजोबांच्या हाती देऊन ती सरूबाईबरोबर पाय धुवायला गेली. मायलेकी परतून पाहतात तो नारोबा भिंतीशी ताठ उभा. दोन्ही हातांनी त्याने बाळ रिकाम्या खिळ्याखाली धरले होते. दुपटे, टोपडे, झबले खाली नीट घडी करून ठेवले होते. बाळ रडले; नारोबाने कोपराने हीटरचे बटण दाबले.

"अहो, लेकराला उघडं का केलंत?" सरूबाई धावली.

"डबीच्या अंगावर चिंधीसुद्धा नको."

बाळ गप्प झाले. नारोबाने बटण बंद केले. इतक्यात त्याची बाही कोपरापर्यंत भिजली. त्याने गंभीरपणे बाहीकडे पाहिले, मग बाळाकडे पाहिले.

"अगं, हुसेनभाईंना पुन्हा बोलाव. ही डबी चालते उत्तम. पण हिच्यातही पाणी शिरलेलं दिसतं."