परसातलं पातेलं

"मग ती उष्णता गेली कुठे?" भैरवगिरी महाराजांनी विचारलं.

"घालवून दिली, महाराज." शार्दूलने हात झटकले.

शार्दूल केळुसकर पुण्याचा इंजिनिअर. हुशारी ठासून भरलेली आणि राग नाकाच्या शेंड्यावर. मला मठात राहू द्या म्हणत तीनदा आला, तीनदा महाराजांनी हसून परत पाठवला. तिसऱ्यांदा जाताना स्वतःच म्हणाला, "आता राग जिंकूनच येईन." 

चौथ्यांदा आला तो मठाचा कॉम्प्युटर घेऊन बसला. जुन्या पोथ्यांचे फोटो त्यात साठवायचं काम माझ्याकडे. पोथ्यांना वारा-धूळ लागू नये म्हणून खोली बंद, आणि म्हणून प्रोसेसर असा तापायचा की अर्ध्या तासात सगळं ठप्प. शार्दूलने त्याच्यावर एक चपटी चकती बसवली. वीज दिली की तिची एक बाजू गार पडते, दुसरी तापते. तापलेल्या बाजूवरून पाणी फिरवलं आणि नळ्या भिंतीतून पलीकडे काढल्या. चार दिवस झाले, कॉम्प्युटर एकदाही बंद पडला नव्हता. मला तर पोराच्या पाया पडावंसं वाटत होतं.

"प्रोसेसर गारेगार," शार्दूल म्हणाला. "आणि मीसुद्धा. चार दिवसांत एकदाही चिडलो नाही. आता तरी राहू द्या."

महाराजांनी नळीला बोट लावलं.

"ही तर गरम आहे."

"ती परसात जाते, महाराज."

"परसात काय आहे?"

"काही नाही."



तेवढ्यात कॉम्प्युटर किंचाळला आणि पडदा काळा झाला. शार्दूल परसाकडे धावला, आम्ही त्याच्या मागोमाग.

तिथे नळ्यांच्या टोकाला गाडीच्या रेडिएटरसारखी एक जाळी होती. पंखा तिच्यातून गरम हवा बाहेर फेकायचा. आज जाळीला टेकून एक पातेलं ठेवलेलं, आणि दोन्हींवर मिळून एक जाडजूड गोधडी.

"कुणी केलं हे?" शार्दूल गरजला. "अक्कल गहाण टाकलीय का सगळ्यांनी? जळून खाक झालं असतं!"

मठाचा स्वयंपाक सांभाळणाऱ्या द्वारकाकाकू शेजारीच पीठ चाळत होत्या. त्यांची चाळणी थांबली नाही.

"वरडू नगंस, बाबा. दही मोडंल."

"दही?"

"पौषाची थंडी. म्हैनाभर दही लागंना झालं. तुझी ही जाळी आली आन् चार दिस बघ कसं लागतंय. आज गारठा लई, म्हून गोधडी घातली."

 आपलाच आवाज शार्दूलला आत्ता ऐकू आला असावा. त्याने चोरून महाराजांकडे पाहिलं...

महाराज आभाळाकडे बघत होते.

मग तो खाली बसला. गोधडी काढली. पातेलं दोन्ही हातांनी, अगदी अलगद, वीतभर मागे सरकवलं. गोधडी पातेल्याच्या पाठीला लावली. मध्ये हात धरून बघितला. हवा मोकळी झाली होती आणि पातेल्यालाही लागत होती. आत कॉम्प्युटर पुन्हा सुरू केला, तो मुकाट्याने चालू लागला.

काकूंनी तिघांच्या हातात कालच्या दह्याच्या वाट्या दिल्या. कवडीसारखं घट्ट दही! शार्दूलने एक घास घेतला आणि त्याला हसू फुटलं. मला आवरेना, काकूंनाही आवरेना.

हसता हसताच त्याने डोळे पुसले.

"महाराज, राग काही गेलेला नाही. येतो मी."

महाराजांनी वाटी बोटाने पुसून स्वच्छ केली.

"द्वारकाबाई, उद्यापासून पातेलं मोठं घ्या. मठात खाणारं एक तोंड वाढलंय."