एका मुठीचा शाप

एका राज्यात भुवनसेन नावाचा राजा होता. राज्याचं नाव मात्र विचारू नका, तिथल्या लोकांना अजून त्या दिवसांची चीड येते. राजाच्या कानाशी लागलेला एक मांत्रिक होता, कनकाक्ष. त्याने मंत्राने सोनकणीस नावाचं धान्य उपजवलं. दाणा अस्सल सोन्याचा. खाता येत नाही, पण कोठारात शोभतो. राजा भुलला. शिपायांनी घरोघरचं बाकीचं बियाणं जाळलं, आणि मांत्रिकाने चारी दिशांना राख फुंकून शाप घातला, "एका रानात एकच मूठ पडेल. दुसरी पडली, तर रान दगड होईल."

सोनकणीस कोठारात घाला आणि बदल्यात परराज्यातून आणलेल्या कण्या खायला घ्या, असा कायदा झाला. वर म्हणायचं काय, तर प्रजेचं कल्याण. असलं कल्याण वैऱ्याच्याही वाट्याला येऊ नये.

त्या राज्यात भिकोबा आणि त्याची बायको धुरपदा तीन बिघे रान कसायची. भिकोबाने पेरणीची तिफण हाकायची, धुरपदाने तिफणीवरच्या चाड्यात, म्हणजे त्या लाकडी वाटीत, मुठीने बी सोडायचं. दोन हंगाम लागोपाठ सोनकणसावर तांबेरा पडला. सोन्यावरही पडतो. एकच पीक होतं, त्यामुळे एका आठवड्यात सगळ्या राज्याचं रान जळालं. कण्या बंद झाल्या. धुरपदाने तिसऱ्या दिवशीही चुलीवर नुसता टाकळ्याचा रानपाला उकडला, आणि तिचा संताप मस्तकात गेला.

"मी दरबारात जाते," ती म्हणाली.

"अगं, रान दगड केलं तर?" भिकोबा म्हणाला.

"आता काय लोणी आहे का ते?"

दरबारात ती राजासमोर उभी राहिली. मांत्रिक म्हणाला, "बाई, तुम्ही लोक नांगरट नीट करत नाही, म्हणून तांबेरा पडतो."

धुरपदाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "तुम्ही कधी नांगराला हात लावलाय?" तिने विचारलं. "महाराज, आमचं रान आमच्या मनाने पेरू द्या. पोट आम्ही भरू, तुमचंही भरू."

राजाने मांत्रिकाकडे पाहिलं. मांत्रिक हसला. "हंगाम संपताना तीन गोष्टी आण. राजाच्या ताटात अन्न, राजाच्या दिव्यात तेल, राजाच्या बैलाला दोर. तिन्ही तुझ्याच रानातून आणि एकाच मुठीतून. जमलं तर शाप माझ्यावर उलटेल. नाही जमलं तर रान दगड होईल आणि तू जन्मभर राजवाड्यात दळशील. माझा शब्द आहे."

"माझाही," धुरपदा म्हणाली.

पण बियाणं कुठलं? ओढ्याकाठच्या उंबरावर एक साळुंकी बसत असे, ती बोलत असे. धुरपदाने तिला विचारलं.

"आहे माझ्या ढोलीत," साळुंकी म्हणाली. "जाळायच्या आधी चोचीने उचललं. ज्वारी, तूर, तीळ, अंबाडी. सोनकणसावरच्या त्याच त्या अळ्या खाऊन मी विटले आहे. चार कणसं माझ्यासाठी उभी ठेवशील?"

"ठेवीन," धुरपदा म्हणाली. साळुंकीने बी खाली टाकलं.

आता ऐका. पेरणाऱ्या बायकांत एक चाल असते. जिने चाड्यावर मूठ धरली, तिनेच पेरणी संपवायची, मध्ये दुसरीचा हात लागू द्यायचा नाही. ओटीतून शंभरदा भरा, मूठ एकच. आणि त्या मुठीत काय मिसळायचं, हे तिचं तिने ठरवायचं. मांत्रिकाला वाटलं होतं, एक मूठ म्हणजे एक पीक. चाड्याजवळ कधी उभाच राहिला नव्हता मेला.

धुरपदाने चारही बियाणी ओटीत मिसळली. ज्वारी जास्त, तूर बेताची, अंबाडी थोडी, तीळ चिमटीने. भिकोबाने बैलांना हाक दिली, धुरपदाने मूठ धरली आणि सूर्य कलायच्या आत तीन बिघे पेरून झाले. भिकोबा तास, म्हणजे पेरणीची एक ओळ, संपली की मागे वळून बघे. रान मातीचंच राहिलं.

पीक वर आलं. मग ज्वारी फुलोऱ्यात असताना पाऊस लागून राहिला आणि कणसं काळी पडली. भिकोबा बांधावर मटकन बसला. "झालं. अन्न गेलं."

"ज्वारी गेली," धुरपदा म्हणाली. "तूर आहे की."

हंगाम संपला. ती टोपली घेऊन दरबारात गेली. राजाच्या ताटात तिने तुरीचं घट्ट वरण वाढलं. राजा बोटं चाटू लागला. दिव्यात तिळाचं तेल ओतलं, दिवा लागला. बैलाच्या गळ्यात अंबाडीचा दोर बांधला. दोन शिपायांनी ओढला, तुटला नाही.

मांत्रिक उठला. "फसवणूक आहे. चार पिकं म्हणजे चार मुठी."

"चार मुठी असत्या, तर तुमच्याच शापाने रान दगड झालं असतं," धुरपदा म्हणाली. "झालंय का? महाराज, हात पुढे करा." तिने राजाच्या तळव्यावर ओटीतलं उरलेलं चार जातींचं मिसळलेलं बी ठेवलं आणि त्याची बोटं मिटवली. "किती मुठी झाल्या?"

"एक," राजा म्हणाला. भर दरबारात दुसरं काय म्हणणार?

त्या शब्दासरशी शाप उलटला. कनकाक्ष पायांपासून दगड होत गेला, तोंड सर्वांत शेवटी. कोठारातल्या सोन्याचा भुसा झाला.

राजा ओशाळला. "बाई, प्रसन्न आहोत. तीन वर माग."

"आमचंच जाळून आम्हालाच वर देता?" धुरपदा म्हणाली. "नको. कायदा पुसा, आणि वाट सोडा."

राजाने कायदा पुसला. गावोगावच्या लोकांनी धुरपदाकडून बी नेलं आणि आपापल्या मनाची मूठ धरली. कुणी तेलाचा घाणा घातला, कुणी दोर वळून बाजारात नेले, कुणी बांधावर शेवगा लावून कोंबड्या पाळल्या. एक पीक बुडालं तर दुसरं उभं राहू लागलं.

पुढच्या वर्षी राजाने धुरपदाकडे माणूस धाडला. महाराजांना विचारायचं आहे, राज्यात कुठे काय पेरावं.

धुरपदा शेंगा तोडत होती; साळुंकीची चार कणसं तिने बांधालगत उभी ठेवली होती. तिने मान वर केली नाही. "त्यांना सांग," ती म्हणाली, "ज्याचं रान, त्याला विचारा."