पाय पसरून बसलेला नाथ

"मग याला पाय पसरून का पुरलं?"

डॉ. हेरंब शेजवळ समाधीच्या खड्ड्यात डोकावून विचारत होते. डोंगरावरच्या त्या नाथमठात साधूला मांडी घालून, बसवून पुरतात. यादवांच्या काळातली म्हणून सांगतात ती समाधी खचली, तेव्हा आतला साधू दिसला. डाव्या पायाची मांडी, उजवा पाय सरळ.

"पुरणाऱ्यांनी घाई केली असणार," डॉक्टर स्वतःच म्हणाले. उत्तराची वाट बघणं त्यांच्या स्वभावातच नव्हतं.

महंत भुजंगनाथांनी उजव्या नडगीचं हाड उचलून त्यांच्या हातात दिलं.

हाड सुजल्यासारखं जाड, मधोमध भोक. डॉक्टरांचा चेहरा उतरला. दवाखान्यात रोज हेच तर बघत होते ते.

"हाडात पू झाला होता, महाराज. आतला तुकडा मरतो, आणि जिवंत हाड त्याच्याभोवती नवं कवच बांधतं. तुकडा आतच राहतो... जखम वर्षानुवर्षं वाहते."

"यानं पाय कुणाला दाखवला नाही म्हणतात. शिष्यांना वाटायचं, गुर्मीत पाय पसरून बसतो."

"मूर्खपणा! तुकडा काढला असता तर सुटला असता."

"तुझा कधी काढतोस?"

डॉक्टरांनी लंगडता उजवा पाय मागे घेतला. पँटखाली पट्टी होती. सहकारी कानीकपाळी ओरडत होते, उघडून घे, नाहीतर पाय जाईल. दुसऱ्यांचे पाय बिनदिक्कत उघडणारा हा गृहस्थ स्वतःच्या पायाला कुणाला हात लावू देईना. काय म्हणावं अशा हट्टाला!

"माझं तसं नाही," ते म्हणाले. "माझ्यात मेलेला तुकडा नाही. साधी जखम आहे. मला कळतं."

महंतांनी हाड परत घेतलं, कानाशी नेऊन हलवलं.

टिक... टिक...

आत काहीतरी सुटं होतं. इतकी शतकं तिथंच होतं.

डॉक्टरांच्या अंगावर काटा आला. ते पाठ फिरवून फाटकाकडे निघाले. मागून आवाज येतच राहिला, पावलागणिक.

टिक... टिक...

अंगण ओलांडलं, तरी आवाज तेवढाच जवळ. डॉक्टर आता पुरते घाबरले होते.

"पुरे करा, महाराज!" ते ओरडले. "ते हाड हलवू नका!"

आणि गर्रकन वळले.

भुजंगनाथ दूर, खड्ड्याच्या काठावर बसले होते. त्यांनी दोन्ही रिकामे हात वर केले.

"हाड मी केव्हाच खाली ठेवलंय."