केरबानं आणलेली बाबागाडी

कोल्हापूरकडच्या एका गावात केरबा नावाचा भोळा माणूस राहत होता. इतका भोळा, की एस.टी.त 'खिडकीबाहेर हात काढू नये' असं वाचल्यापासून त्यानं घरच्या खिडकीतूनही कधी हात बाहेर काढला नव्हता. सांगितलेलं तो अक्षर न् अक्षर पाळायचा. विसरू नये म्हणून मफलरला गाठ मारायचा. दोष म्हणाल तर त्याच्यात तेवढाच.

त्याची लेक वैजयंता शिकली-सवरली, विश्वजितशी लग्न करून डेन्मार्कच्या राजधानीत, कोपनहेगनात, राहायला गेली. तिथं तिला दिवस गेले. बाळंतपण जवळ आलं तशी केरबाची बायको हौसाबाई गुडघे चोळत म्हणाली, "मला त्या विमानात चढायचं जमायचं न्हाई. तुम्ही जावा. पहिलं नातवंड हाय, बाळाला कायतरी भारी घ्या. नुसतंच हात हलवत परत आलासा तर बघा."

केरबा गेला.

गेल्या गेल्या लेकीनं त्याला बाबागाड्यांचं दुकान दाखवलं. तिथं एक निळी बाबागाडी होती. वैजूनं तिच्या दांडीवरून नुसता हात फिरवला आणि काढून घेतला. केरबानं ते पाहिलं.

"केवढ्याला?" त्यानं विचारलं.

वैजूनं सांगितलं. केरबा कुठल्याही रकमेचा हिशोब म्हशीत करायचा. त्यानं मनात म्हशी मांडल्या. दोन म्हशी झाल्या आणि वर एक रेडकू.

"एवढ्याला? हिचं इंजन कुठंय मग?"

"इंजिन नसतं, आबा. ढकलायची असते. ही किंमत नुसत्या सांगाड्याची. छत वेगळं, गादी वेगळी, पांघरूण वेगळं."

"आणि चाकं?"

"चाकं यातच आली."

"उपकारच म्हणायचे," केरबा म्हणाला.

"जाऊ दे आबा. बाळाला काय कळतंय? आम्ही बघू कायतरी," असं म्हणून वैजू दुकानाबाहेर पडली. केरबा मात्र त्या गाडीकडं वळून वळून बघत बाहेर आला. त्यानं ठरवलं, इथली बाजाराची रीत शिकायची आणि लेकीला गाडी घेऊन द्यायची.

वैजूला आता फार चालवत नव्हतं आणि विश्वजित दिवसभर कामावर असायचा. तेव्हा दुसऱ्या दिवशी तिनं केरबाच्या हातात घरखर्चाचं कार्ड दिलं. "हे मशिनला टेकवायचं, टिंग वाजलं की झालं. कोपऱ्यावरनं कोथिंबीर आणा."

केरबा गेला. कोथिंबिरीची जुडी कसली, चार काड्या होत्या आणि त्यांना प्लॅस्टिकचा अंगरखा घातला होता. गल्ल्यावर एक पोरगी बसली होती. केरबा तिला म्हणाला, "पोरी, दोन घेतो. अर्ध्यात दे. आणि चार मिरच्या वर टाक."

पोरगी हसली. केरबाही हसला. मग तो निघून जायचं सोंग करून चार पावलं गेला आणि परत आला. पोरगी तशीच हसत होती. मागं रांग पार दारापर्यंत गेली. कुणी चकार शब्द काढला नाही. त्या देशात माणसं चिडली की आणखी गप्प होतात.

शेवटी वैजूला फोन गेला. ती धापा टाकत आली.

"आबा, इथं घासाघीस करत नाहीत! जेवढं लिहिलंय तेवढं निमूट द्यायचं."

"चुकलं गं माझं," केरबा म्हणाला आणि त्यानं मफलरला गाठ मारली.

रविवारी तो फिरत फिरत एका मैदानात गेला. तिथं लोक घरातल्या जुन्या वस्तू मांडून बसले होते. एका म्हातारीपाशी लाकडी स्टूल होतं. बाळाला न्हाऊ घालायला हौसाला असंच लागायचं. स्टुलावर चिठ्ठी होती, तिथल्या दोनशे क्रोनरची. केरबानं जावयानं खर्चाला दिलेल्या नोटांतून दोनशे काढले.

म्हातारीला त्याचा विटका कोट दिसला. तिला दया आली. तिनं बोटं दाखवली, दीडशे.

केरबानं चिठ्ठीवर बोट आपटलं. "दोनशे."

म्हातारीनं एकच बोट दाखवलं, शंभर.

"मावशी, मला फसवू नगा. दोनशे लिवलंय, दोनशेच देणार!"

म्हातारी पन्नासवर आली. केरबा चिडला. म्हातारीही चिडली. तिनं स्टूल त्याच्या काखेत कोंबलं, वर एक किटली दिली आणि 'फुकट ने, पण जा' अशी खूण केली. केरबानं नोटा तिच्या मांडीवर टाकल्या आणि स्टूल घेऊन पळत सुटला. म्हातारी नोटा घेऊन मागं धावली. बघणाऱ्यांना वाटलं, चोर पळाला. दोघांनी केरबाला धरलं. म्हातारीनं त्याच्या खिशात पैसे कोंबले आणि नाक वर करून निघून गेली. धरणारे एकमेकांची तोंडं बघत राहिले. असली चोरी त्यांनी पाहिली नव्हती.

वैजूनं कपाळाला हात लावला. "अहो आबा, कुणी आपुलकीनं काही देऊ केलं तर नाही म्हणू नये. हसायचं, 'ताक' म्हणायचं आणि घ्यायचं."

"ताक? प्यायचं?"

"इथं आभार मानताना ताक म्हणतात."

"चुकलं गं माझं," म्हणत केरबानं दुसरी गाठ मारली.

चार दिवसांनी तो एका मोठ्या, चकचकीत दुकानात शिरला. आत शिरताच एक गोरीपान बाई हसत पुढं आली. तिनं एक स्वेटर दाखवला.

"ताक," केरबा म्हणाला.

बाईनं टोपी दाखवली. "ताक." हातमोजे दाखवले. "ताक." बाईचा चेहरा उजळला. इतकं गुणी गिऱ्हाईक तिला आजवर भेटलं नव्हतं. तिनं काचेच्या भांड्यातली एक मेणबत्ती त्याच्या नाकाशी धरली. केरबानं हुंगलं. मेणबत्तीला चुलीच्या धुराचा वास येत होता.

"ताक," केरबा म्हणाला, पण जरा चाचरत.

बाईनं सगळं रेशमी कागदात बांधलं, पिशव्या त्याच्या हातात दिल्या आणि मशीन पुढं केलं. केरबानं कार्ड टेकवलं. टिंग वाजलं.

"लई मायाळू माणसं हायत," त्यानं घरी येऊन सांगितलं. "सगळं आपुलकीनं दिलं."

तेवढ्यात विश्वजितच्या मोबाईलवर खर्चाचा मेसेज आला. तो खुर्चीत बसला आणि त्यानं आकडा बोटानं पुन्हा मोजला. मग म्हणाला, "मामा, निम्मा पगार गेला."

"ह्या मेणबत्तीला?"

"तिला सगळ्यात जास्त."

"धुराला?" केरबाला खरं वाटेना. "तुमच्या सासूबाईनं जन्मभर धूर गिळला. कुणी एक पैसा दिला न्हाई तिला."

विश्वजितनं दुसऱ्या दिवशी सगळं परत केलं. वैजूनं बापाला समोर बसवलं. "आबा, आधी किंमत बघायची. महाग असेल तर हात लावायचा नाही. कळलं?"

"चुकलं गं माझं. महाग असंल तर हात लावायचा न्हाई." तिसरी गाठ पडली.

संध्याकाळी तिनं त्याला दूध आणि पाव आणायला धाडलं. केरबानं दुधाची किंमत पाहिली. महाग! पावाची पाहिली. त्याहून महाग! हात लावायची सोय नव्हती. पण लेकीनं आणायला तर सांगितलेलं. केरबानं विचार केला. मग त्यानं दुधाचा डबा दोन कोपरांत धरून फळीवरून काढला आणि पावाची पिशवी दातात धरली. दोन्ही हात वर, तोंडात पाव, कोपरांत दूध, असा तो गल्ल्याकडं निघाला.

लोकांनी वाट करून दिली. एका भल्या माणसाला वाटलं, बिचाऱ्याचे हात अधू आहेत. त्यानं पाव दातातून सोडवला, कार्ड खिशातून काढून टेकवलं, पिशवी उचलली आणि केरबाला दंडाला धरून घरापर्यंत सोडलं. दारात वैजूला म्हणाला, "तुमचे वडील फार धीराचे आहेत."

वैजू दार लावून हसायला लागली आणि हसता हसता तिच्या डोळ्यांत पाणी आलं. मग विश्वजितच म्हणाला, "मामा, तुम्ही आता विकत घ्यायच्या फंदातच पडू नका. इथली माणसं नको असलेल्या चांगल्या चांगल्या वस्तू बाहेर आणून ठेवतात. फूटपाथवर, भिंतीला टेकवून. जवळ कुणी नसतं. ज्याला हवं त्यानं न्यायचं. ही खुर्ची अशीच आणली, तो दिवाही."

"फुकट?"

"बाहेर ठेवलंय म्हणजे फुकट. बिनधास्त उचलायचं."

केरबाचा चेहरा असा खुलला, की लेकीला बरं वाटलं. त्यानं चौथी गाठ इतकी करकचून मारली, की मफलर गळ्यालाच बसला.

सकाळी तो लवकर निघाला. हवा थंड होती. एका गल्लीत एक कॉफीचं दुकान होतं, काचा वाफेनं धुरकटलेल्या. आणि बाहेर फूटपाथवर, भिंतीला टेकवून, एक निळी बाबागाडी!

केरबानं डोळे चोळले. तीच ती. दोन म्हशी आणि रेडकूवाली. छतासकट, गादीसकट, जाड पांघरुणासकट. त्यानं इकडं पाहिलं, तिकडं पाहिलं. जवळ कुणी नव्हतं. कुलूप नव्हतं. त्यानं आकाशाकडं बघून हात जोडले आणि गाडी ढकलत निघाला.

गाडी जरा जड लागली. "माल भक्कम हाय," केरबा स्वतःशीच म्हणाला. रस्त्यात माणसं त्याच्याकडं पाहून हसली. तो त्यांना ताक म्हणाला.

दारातूनच त्यानं हाक मारली. "वैजू! बघ काय आणलंय बाळाला!"

वैजू बाहेर आली आणि बघतच राहिली. "आबा! हीच ती! कुठं मिळाली?"

"कॉफीच्या दुकानाबाहेर. फुकट. आत गादी बी हाय." 

वैजूनं पांघरूण बाजूला केलं. आत गुलाबी गालांचं एक पोर होतं. त्यानं जांभई दिली, वैजूकडं पाहिलं आणि भोकाड पसरलं.

"आबा, हे कुणाचं?"

"गाडीबरोबर आलंय," केरबा म्हणाला. तो स्वतःही चकित झाला होता. "दुकानात तर पांघरूणसुद्धा वेगळं म्हणत होते."

वैजूला घाम फुटला. "अहो, इथं पोरं बाहेर मोकळ्या हवेत निजवतात! आई आत कॉफी पीत असते!"

"बाहेर? एकटं?" केरबानं तोंडावर हात ठेवला. "आपण कोंबडंसुद्धा डालग्याखाली झाकतो की गं!"

विश्वजित पोलिसांना फोन लावू लागला. वैजूनं रडणारं पोर उचलून खांद्याशी धरलं, एका हातानं ती बूट शोधू लागली आणि ओरडली, "आबा, बघत काय बसलाय! गाडी घ्या आणि पळा! होती तिथं नेऊन ठेवायचीय!"

केरबानं गाडी घेतली आणि पळाला.

आता गाडी हलकी झाली होती, त्यामुळे तो फारच जोरात पळाला. कॉफीच्या दुकानापाशी गर्दी जमली होती. मधे एक तरुण बाई रडत होती आणि पोलीस तिला काहीतरी विचारत होते. केरबा सगळ्यांना बाजूला सारत आत घुसला. त्यानं गाडी होती तिथं लावली, भिंतीला टेकवली, पांघरूण नीट सारखं केलं.

बाईनं झेप घेऊन पांघरूण ओढलं आणि किंकाळी फोडली. दोन पोलिसांनी केरबाचे दंड धरले. गल्लीच्या टोकाला वैजू पोराला छातीशी धरून धापा टाकत येत होती, पण अजून ती बरीच लांब होती.

केरबाला त्या बाईची फार दया आली. लेक येऊन समजावून सांगेपर्यंत तिला धीर द्यावा म्हणून तो मायेनं म्हणाला, "रडू नगा, बाई. तुमच्या गाडीला ओरखडासुद्धा न्हाई. आतलं पोर तेवढं आमच्या लेकीनं ठेवून घेतलंय."