आधीच केलेली खूण

गावोगावी संगणक नवे होते, तेव्हाची गोष्ट. एका दवाखान्याच्या पडद्यावरच्या अर्जात एक चौकोन राहत होता. त्याच्यापुढे लिहिलं होतं, 'मला कुठल्याही औषधाची ॲलर्जी नाही.' अर्ज बनवणाऱ्या वृंदाताईंनी पेशंटचा वेळ वाचावा म्हणून त्याच्यात बरोबरची खूण आधीच करून ठेवली होती.

चौकोनाच्या जिवाला घोर लागला. स्वतःची खूण त्याला पुसता येईना. "कुणी विचारायच्या आत मी हो म्हणून बसलोय," तो खालच्या 'पुढे' बटणाला म्हणाला.

"उगाच जीव जाळू नकोस," बटण म्हणालं. "माणसं वाचूनच मला दाबतात."

एके दिवशी तापानं फणफणलेल्या वृंदाताई स्वतःच आल्या. त्यांना पेनिसिलिन अजिबात चालत नसे. चौकोन जीव मुठीत धरून बघत राहिला.

"हा तर माझाच अर्ज," म्हणत त्यांनी न वाचताच 'पुढे' दाबलं.