लतीफशाची गोधडी

"ज्याला केरात सोनं दिसतं, त्याला माणसात देव दिसायला असा कितीसा वेळ लागणार, बाबा?"

लतीफशा फकिराने हरभऱ्याचा एक घाटा फोडला आणि दाणा तोंडात टाकला.

"केर तुझा, देव तुझा. मला कशाला मध्ये ओढतोस?"

हैबती ओशाळला नाही. ओशाळणं त्याला ठाऊकच नव्हतं. तो धंद्याने झारेकरी. सोनारांच्या दुकानातला केर विकत घ्यायचा, जाळायचा, राख धुवायची आणि कानशीखालून उडालेलं सोनं कणाकणाने परत मिळवायचं, हा त्याच्या घरचा पिढीजात उद्योग. पण हैबतीने त्यात बापालाही मागे टाकलं होतं. त्याने झिजलेल्या केरसुणीतून सोनं काढलं होतं, पायपुसण्यातून काढलं होतं, मोरीच्या गाळातून काढलं होतं. एकदा एका म्हाताऱ्या सोनाराच्या दाढीकडे तो नको इतका वेळ बघत राहिला. सोनाराने दुसऱ्याच दिवशी न्हाव्याला घरी बोलावलं आणि केस चुलीत घातले म्हणतात.

असा हा हैबती दसऱ्यापासून रोज नदीकाठच्या तकियावर, बाबाच्या फकिरी ठाण्यावर, येऊन बसत होता. मला शिष्य करा म्हणत होता. आणि बाबा रोज त्याला काही ना काही खायला घालून परत पाठवत होता.

आज मात्र तो ठरवून आला होता.

"बाबा, वरच्या पेठेच्या सराफांनी मला बोलावलंय. सगळ्या बाजाराचा केर एकट्या माझ्या हाती येणार. उद्या उजाडता गाडी सुटते. एकदा गेलो की गेलो. तेव्हा होय असेल तर होय म्हणा, नाही असेल तर नाही."

"आणि हरभरा हवा असेल तर?"

"बाबा!"

"बरं, बरं. ओरडू नकोस, कावळे उठतात."

बाबा सरकून उन्हात बसला. पौषातलं ऊन, अंगाला गोड लागणारं. त्याच्या खांद्यावरची गोधडी उन्हात आली आणि हैबतीचं बोलणं तोंडातच राहिलं.

गोधडीवर काहीतरी लुकलुकलं.

तो पुढे सरकला. ठिगळाचा कोपरा त्याने नखाने खरवडला, बोट उन्हात धरलं, मग जिभेला लावलं.

"बाबा... ही गोधडी कुठली?"

"माझी."

"तसं नाही. कापड कुठलं?"

"सराफकट्ट्यावरचं. सोनार मांडीवर फडकं घेऊन बसतात ना? ते फाटलं की माझ्या झोळीत टाकतात. चांगलं मऊ असतं. जोडत गेलो."

हैबतीने कोपरा सोडला नाही. सोनाराच्या मांडीवरचं फडकं! कानशीचा सगळा भुगा आधी त्याच्यावर पडतो. नवं असताना सोनार ते झटकतो, पण विणीत बसलेलं कुठलं निघायला? आणि इथे तर वर्षानुवर्षांची फडकी थरावर थर शिवलेली. आणि इतके दिवस हा फकीर ती पांघरून आपल्यासमोर घोरत होता...

"चार गुंजा," तो म्हणाला. "कमीत कमी चार गुंजा सोनं आहे यात. मी काढून देतो, बाबा. मला एक कण नको. तकियाच्या दिव्याला तेल होईल. तुम्हांला नवं घोंगडं आणतो, असलं उबदार की..."

"घे," बाबा म्हणाला आणि गोधडी त्याच्या अंगावर टाकली.

हैबतीने वाद घालायची तयारी केली होती. ती वाया गेली.

"जाळावी लागेल," त्याने बजावलं.

"जाळ. आणि जाळच करतोयस तर वर चहा ठेव."

मग त्या दोघांनी तकियाच्या अंगणात लोखंडी परातीत गोधडी पेटवली, दोन दगड मांडले आणि तिच्यावर चहाचं पातेलं चढवलं. हैबती काठीने एकेक ठिगळ आत सारत होता. बाबा पलीकडून बघत होता.

"ते निळं दामू पोतदाराचं," बाबा म्हणाला. "भांडखोर माणूस. पण गायचा काय!"

"दामू पोतदार?" हैबती म्हणाला. "त्याची कानस जाड. भुगा खूप. अर्धी गुंज तर त्यातच."

"ते तांबडं कुसनूरकरांच्या थोरल्याचं. लेकीचं मंगळसूत्र स्वतः घडवलं, तेव्हा हेच मांडीवर होतं. रडत होता आणि घडवत होता."

"तो बारीक काम करायचा. त्यात फार नाही निघायचं."

"हं..."

"आणि ते पांढरं?"

"ते माझ्या सदऱ्याचं."

"म्हणजे त्यात काहीच नाही," हैबती म्हणाला आणि ते काठीने आगीत ढकललं.

बाबा चहा प्यायला. चहाला धुराचा वास होता. तो चवीने प्यायला.

राख निवली तशी हैबतीने ती कुटली आणि नदीवर नेली. गुडघाभर पाण्यात उभं राहून तो परात हलवू लागला. त्याचं हे काम बघायला घाटावरच्या बायका धुणं थांबवायच्या. परात अशी फिरायची की राख पाण्याबरोबर निघून जायची आणि जड ते तळाशी चिकटून राहायचं. पुढे कण गोळा करायला पारा, पुढे वितळवायला मूस, पुढे भाता. पाऱ्याची वाफ विषारी, म्हणून तो उडवताना हैबती वाऱ्याकडे पाठ करून बसला आणि बाबाला त्याने ओरडून लांब पिटाळलं.

"माझ्याच दारातून मला हाकलतोय," बाबा म्हणाला आणि खुशीत लांब जाऊन बसला.

दिवस कलला तेव्हा हैबती तळहात पुढे करून आला. तळहातावर ज्वारीच्या दाण्याएवढा सोन्याचा मणी होता. पिवळा धमक.

"चार म्हणालो होतो," त्याची छाती फुगली होती. "पाच भरेल! लोक म्हणतात फकिराकडे काही नसतं. बघा, काय पांघरून झोपत होतात तुम्ही! तुम्हांला तरी ठाऊक होतं का?"

"नव्हतं रे. कमाल आहे तुझी."

बाबाने मणी चिमटीत धरला, उजेडाकडे नेला, अगदी मनापासून बघितला. नदीवरून वारा सुटला होता. बाबाचं उघडं अंग शहारलं. तो ओट्यावर आडवा झाला, पाय पोटाशी घेतले आणि मणी स्वतःच्या बरगडीवर ठेवला. नीट, मधोमध.

डोळे मिटले.

हैबती बघत राहिला.

थोड्या वेळाने बाबाने मणी जरा वर, छातीवर सरकवला. मग खाली, पोटावर. पुन्हा डोळे मिटले.

"काय करताय, बाबा?"

"पाय उघडे पडतायत रे. कुठून ओढू?"

हैबतीला आधी हसू आलं. मग ते तोंडावरच वाळलं. घोंगडं आणतो म्हणाला होता तो. सकाळी. अख्खा दिवस गेला, बाजार उठला, आणि घोंगड्याची त्याला आठवणसुद्धा झाली नव्हती.

इतक्यात बाबाला शिंक आली. अशी जोराची, की पोटावरचा मणी उडाला आणि ओट्याखाली हरभऱ्याच्या टरफलांच्या ढिगात जाऊन पडला.

हैबती झेपावला. गुडघे टेकले, हात ढिगात घातला. आजवर त्याच्या हातून सोन्याचा कण सुटला नव्हता, मग हा तर मणी...

बाबाला दुसरी शिंक आली.

हैबतीचा हात टरफलांत तसाच राहिला. हा मणी आत्ता, या घटकेला शोधला नाही तर अंधार पडेल, वारा टरफलं उडवेल, कोंबड्या टिपतील. हे त्याच्याइतकं दुसऱ्या कुणाला कळणार?

तो उठला. अंगातली बाराबंदी त्याने गाठी सोडून काढली. कामाची बाराबंदी, रोजच्या वापरातली, राखेने करडी पडलेली. ती त्याने बाबाच्या अंगावर घातली. पायाशी खोचली. खांद्याशी खोचली. मग स्वतः उघड्या अंगाने, हात काखेत घालून शेजारी बसला.

नदीचा आवाज येत होता. बाबाचं कापणं थांबलं.

हैबतीला वाटलं, आपल्याला काहीतरी कळलं. छातीत हलकं हलकं वाटू लागलं. आता बाबा डोळे उघडेल, डोक्यावर हात ठेवेल...

बाबाने डोळे उघडले. बाराबंदीची बाही बोटांत धरून चाचपली.

"ऊब आहे हं," तो म्हणाला. "किती वर्षं वापरतोस?"

"लग्नात शिवली होती. बापानं."

"हिच्यात किती निघेल रे?"

"दीड गुंज. काखेत जास्त, घामाने भुगा..."

हैबतीने जीभ चावली.

बाबा हसायला लागला. हसता हसता त्याला ठसका लागला, ठसक्यातून पुन्हा हसू. झाडावरचे कावळे उठले. हैबती आधी लाल झाला, त्याने तोंड फिरवलं, मग त्याचेही खांदे हलायला लागले. दोघंही पोट धरून हसले. हैबतीच्या डोळ्यांतून पाणी आलं, ते त्याने उघड्या दंडाला पुसलं.

हसू ओसरलं तेव्हा त्याने खाली बघत विचारलं, "मग बाबा... होय की नाही?"

"गाडी कधी सुटते म्हणालास?"

"उजाडता."

बाबाने बाराबंदी कानांवर ओढली आणि कूस बदलली.

"मग उजाडायच्या आत इकडे ये. आणि येताना कोळसा जास्त आण. गोधडी सुकी होती, भसकन पेटली. तू अजून ओला आहेस."