फक्त चांगलं छापायची जागा

नळाला गढूळ पाणी येतं अशी बातमी छापली, म्हणून नगराध्यक्ष झुंबररावांनी आगीच्या धोक्याचं निमित्त काढून भार्गवअण्णांच्या साप्ताहिकाच्या छापखान्याला टाळं ठोकलं. तरी अण्णा दर गुरुवारी पायरीवर येऊन बसत. यंत्राची धडधड, ओल्या शाईचा वास, अंक हातात पडताच भांडायला येणारे वाचक, सगळ्यासाठी त्यांचा जीव तुटायचा. सवयीने वाचकही येत, आणि शेजारी गुमान बसून राहत.

निवडणूक जवळ आली तसे झुंबरराव स्वतः किल्ली घेऊन आले.

"अण्णा, टाळं काढतो. पण माझ्याविषयी फक्त चांगलंच छापायचं."

अण्णांचा हात किल्लीकडे गेला आणि थबकला.

"साहेब, माणसाविषयी फक्त चांगलंच छापतो अशी आमच्या अंकात एकच जागा आहे. शेवटच्या पानावरची निधनवार्ता. तिथे घेऊ का तुम्हाला?"

पायरीवर हशा पिकला. झुंबरराव पांढरेफटक पडले.

"अहो, शुभ बोला! छापा काय छापायचं ते!" किल्ली टाकून ते गाडीत बसले.

अण्णांनी आत जाऊन आधी यंत्र पुसलं, मग डोळे. त्या गुरुवारची पहिली बातमी होती: पाणी अजून गढूळच येतं.